पहिले पिनबॉल मशीन: झिजेचा हिशेब

पिनबॉल मशीन घरी आणायचे ठरवणारा माणूस बहुधा चित्रापासून सुरुवात करतो. आर्केडमध्ये खेळलेले एखादे जुने मशीन, आवडत्या सिनेमावरचा खेळ, मागच्या उभ्या काचेवरची, म्हणजे बॅकग्लासवरची, झगमगती रंगसंगती मनात बसलेली असते. त्यानंतर तो किंमत विचारतो आणि सर्वांत शेवटी स्थिती पाहतो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. पिनबॉल मशीन खेळले की झिजते, आणि झिजेचे दोन मुख्य प्रकार असतात: थोड्या पैशांत व थोड्या कष्टांत भरून निघणारी झीज आणि जवळजवळ भरून न निघणारी झीज. पहिली खरेदी शहाणपणाची होते की नाही, हे या दोहोंतला फरक ओळखता येण्यावर ठरते.

ही झीज कुठून येते हे समजायला यंत्राची रचना पाहावी लागते. सुमारे 27 मिलिमीटर व्यासाची आणि 80 ग्रॅम वजनाची पोलादी गोळी साधारण साडेसहा अंशांच्या उतारावर खाली येत असते. गुरुत्वाकर्षणाने गेलेली तिची ऊर्जा कॉइल परत देतात: फ्लिपर, बंपर, बाजूचे त्रिकोणी स्लिंगशॉट आणि खड्ड्यातून गोळी बाहेर फेकणारे किकआउट. गोळीला वर टोलवणारे फ्लिपर 1947 मध्ये गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’त आले आणि नुसता नशिबाचा खेळ हाताच्या कौशल्याचा झाला. फ्लिपरच्या कॉइलमध्ये बहुधा दोन वेटोळी असतात. पहिले जाड तारेचे, अवघ्या चारेक ओहम रोधाचे. ते क्षणभर प्रचंड प्रवाह ओढून फ्लिपर उचलते. दुसरे बारीक तारेचे, शंभराहून अधिक ओहम रोधाचे. ते फ्लिपर उचललेल्या स्थितीत धरून ठेवते. जुन्या रचनेत पहिल्यावरून दुसऱ्यावर जाण्याचे काम फ्लिपरची हालचाल पूर्ण होताना उघडणारा, फळीखालच्या यंत्रणेतला एक साधा पत्तीचा स्विच करतो. तो स्विच उघडला नाही तर जाड वेटोळ्यातून प्रवाह वाहतच राहतो आणि कॉइल जळते. स्विचचे संपर्क काळे पडले तर फ्लिपर दुबळा होतो, गोळी रॅम्पवर चढत नाही आणि घेणाऱ्याला वाटते की खेळच कंटाळवाणा आहे. प्रत्यक्षात अडलेले असते काही डॉलरच्या स्विचपाशी.

भरून निघणारी झीज म्हणजे अशी. रबराच्या कड्या कडक होतात, कॉइलच्या आतली प्लॅस्टिकची नळी घासते, प्लंजरचे टोक चेपून फुलते, दिवे जातात, गोळीवर चरे पडतात. फ्लिपरच्या दुरुस्तीचा संच थोड्या डॉलरांत मिळतो आणि एका संध्याकाळी बसवता येतो. अशी झीज दिसली म्हणून मशीन नाकारणे चूक आहे. उलट तिच्या जोरावर किंमत खाली आणता येते.

न भरणाऱ्या झिजेत पहिला क्रमांक प्लेफील्डचा, म्हणजे गोळी ज्यावर धावते त्या रंगवलेल्या लाकडी फळीचा. कॅरमवर आपण पावडर टाकतो ती सोंगटी घसरावी म्हणून. पिनबॉलच्या फळीवर मात्र प्रत्येक धूलिकण सँडपेपरसारखा वागतो, कारण त्यावरून पोलाद फिरते. रंग आधी किकआउटच्या तोंडाशी, फ्लिपरच्या टोकांशी आणि गोळी उंचावरून पडते त्या जागी जातो. लाकूड दिसू लागले की ओलावा आत शिरतो आणि आजूबाजूचा रंगही सुटू लागतो. फळीत बसवलेल्या रंगीत प्लॅस्टिकच्या खिडक्या, म्हणजे इन्सर्ट, वर येतात किंवा खोल बसतात. मग गोळी सरळ जाण्याऐवजी तिथे वळते. साधारण 1990 पासून अनेक फळ्यांवर जाड पारदर्शक लेप आला, त्यामुळे त्या पिढीची मशीन या बाबतीत अधिक टिकली. काही लोकप्रिय मशीनसाठी नवी फळी विकत मिळते, पण ती हजार डॉलरच्या आसपास किंवा त्याहून महाग असते. शिवाय जुन्या फळीखालचे सगळे कॉइल, स्विच, दिवे आणि तारा काढून नव्या फळीवर चढवायच्या असतात. हे अनुभवी माणसाचे काही आठवड्यांचे काम आहे, नवख्याने पहिल्याच मशीनवर हाती घ्यावे असे नव्हे. बॅकग्लासवरचा सुटलेला रंग आणि आता कुठेच बनत नसलेले प्लॅस्टिकचे तुकडे यांचीही हीच गत.

तिसरी झीज या दोन्हींच्या मधली आहे आणि नवख्याला ती सर्वांत जास्त फसवते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून मशीनमध्ये संगणकी बोर्ड आले. स्कोअर आणि सेटिंग लक्षात राहावीत म्हणून त्यावर बॅटरी असत. नव्वदच्या दशकातल्या विल्यम्स आणि बॅली मशीनच्या बोर्डावर तीन एए सेल बसतात. ते विसरले गेले की गळतात आणि गळलेला क्षार बोर्डावरचे तांबे खाऊन टाकतो. बाहेरून मशीन चालू दिसते. आत हिरवट-पांढरा थर पसरत असतो. म्हणून माझा आग्रह आहे की मागची उभी पेटी, म्हणजे बॅकबॉक्स, उघडून बोर्ड पाहिल्याशिवाय पैसे द्यायचेच नाहीत. तिथेच दिव्यांचे कनेक्टरही पाहावेत. जुने 44 क्रमांकाचे दिवे प्रत्येकी पाव अँपिअर घेतात. असे अनेक दिवे एकत्र पेटले की कनेक्टर तापून तपकिरी आणि मग काळा होतो. काळा कनेक्टर बदलता येतो, पण ज्याला डाख लावता येत नाही त्याने त्या कामाची मजुरी किमतीतून वजा करावी.

या तीन प्रकारांच्या आधारे मशीनच्या पिढ्यांकडे पाहिले तर निवड सोपी होते. पहिली पिढी विद्युत-यांत्रिक मशीनची, साधारण 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंतची. यांत बोर्ड नाही. रिले, फिरती स्कोअर-चक्रे आणि शेकडो संपर्क-पत्त्या आहेत. दोष डोळ्यांना दिसतो, आणि घंटांचा आवाज तर वेगळाच. पण वर्षानुवर्षे बंद पडलेले असे मशीन जागे करायला चिकाटी लागते. त्यानंतरची, 1977 ते 1990 ची बोर्डांची मशीन मला पहिल्या खरेदीसाठी फार योग्य वाटतात. स्टीव्ह रिची यांचे 1986 चे ‘हाय स्पीड’ घ्या: सतरा हजारांहून अधिक मशीन बनली, म्हणून सुटे भाग मिळतात, नियम एका दिवसात समजतात, तरी खेळ संपत नाही. 1990 ते 1999 च्या पिढीत ठिपक्यांचा पडदा, चलचित्रे आणि खोल नियम आले. पॅट लॉलर यांनी रचलेल्या ‘द ॲडम्स फॅमिली’ची 1992 पासून वीस हजारांहून अधिक मशीन विकली गेली, फ्लिपर असलेल्या पिनबॉलांत सर्वाधिक विक्री याचीच मानली जाते. त्यात फळीखालची चुंबके गोळीला ओढतात आणि एक हात पेटीतून बाहेर येऊन ती उचलतो. पण प्रसिद्धीची किंमत मोजावी लागते. त्यातली चांगली प्रत आज नव्या मशीनइतकी किंवा त्याहून महाग पडते, आणि प्रत्येक हलते खेळणे म्हणजे झिजणारा आणखी एक सांधा.

1999 मध्ये विल्यम्सने पिनबॉल बंद केले आणि मोठ्या प्रमाणात मशीन बनवणारी स्टर्न ही शिकागोजवळची एकच कंपनी उरली. 2011 मध्ये न्यू जर्सीत जर्सी जॅक उभी राहिली, मग आणखी काही आल्या. स्टर्नची मशीन प्रो, प्रीमियम आणि लिमिटेड अशा चढत्या प्रतींत येतात. अलीकडच्या वर्षांत नव्या प्रोची किंमत सात हजार डॉलरच्या घरात आहे. फळीवरची रचना बहुतेक वेळा सारखीच असते, वरच्या प्रतींत खेळणी आणि सजावट वाढते. पहिल्या मशीनसाठी प्रोवर थांबावे. नव्या मशीनला झीज नाही, मात्र त्यातले बारीक घटकांचे छोटे बोर्ड घरी दुरुस्त करण्याजोगे नाहीत; बिघडले की अख्खा बोर्ड बदलायचा.

पिढी कोणतीही असो, घराचा वेगळा नियम लागू होतो, आणि बहुतेक खरेदीदार तो विचारात घेत नाहीत. ही मशीन घरासाठी बनलीच नव्हती. बारमध्ये, आर्केडमध्ये नाणे टाकणारा माणूस काही मिनिटांत हरावा आणि पुन्हा नाणे टाकावे, हे गणित त्यांच्या रचनेत मुरलेले आहे. घरी मात्र तीच दोन-चार माणसे तोच खेळ शेकडो वेळा खेळतात. तिथे अवघड, निसरडे, चटकन संपणारे मशीन टिकते, आणि खूप खोल नियमांचे मशीनही टिकते; कंटाळा येतो तो सोप्या आणि उथळ मशीनचा. खेळ किती अवघड हे घरी ठरवताही येते: मागचे पाय उंच केले की वेग वाढतो, बाजूच्या गल्लीतली खुंटी एका भोकाने सरकवली की गोळी जास्त हातची जाते, टिल्टचा लंबक वर-खाली केला की मशीनला धक्का देण्याची मुभा बदलते. म्हणून विकणाऱ्याच्या घरी मशीन सोपे किंवा अवघड वाटले तर आधी पाय पाहावेत, मग मत बनवावे. शक्य असेल तर ते मशीन सार्वजनिक ठिकाणी आधी भरपूर खेळून घ्यावे. तिसऱ्या-चौथ्या भेटीतही पुन्हा स्टार्टचे बटण दाबावेसे वाटले, तरच ते घरात येण्याच्या लायकीचे.

पाहायला गेल्यावर विकणाऱ्याने आधीच चालू करून ठेवलेल्या मशीनवर समाधान मानू नये. ते बंद करून पुन्हा चालू करावे आणि थंड व गरम अशा दोन्ही अवस्थांत खेळावे. काही दोष अर्ध्या तासाने उगवतात. कॉइन डोअर उघडले की आत चाचणीची बटणे असतात. स्विच, कॉइल आणि दिवे एकेक करून तपासता येतात. नव्वदच्या दशकातल्या विल्यम्स मशीनच्या पडद्यावर क्रेडिटच्या आकड्यापुढे एक ठिपका दिसला तर मशीनला स्वतःच्याच एखाद्या स्विचबद्दल शंका आहे, असा त्याचा अर्थ. हे स्विच आठ ओळी आणि आठ स्तंभांच्या जाळ्यात जोडलेले असतात, त्यामुळे एक शॉर्ट झालेला डायोड भलत्याच ठिकाणचा स्विच लागल्याचे दाखवू शकतो. गोंधळलेले मशीन नेहमीच महागड्या बिघाडाचे नसते. नंतर फळी उचलून खालच्या तारा पाहाव्यात. टेपने गुंडाळलेले, वाटेल तसे जोडलेले सांधे दिसले तर आधीच्या दुरुस्त्या कोणत्या हातांनी झाल्या ते कळते. ‘शेवटचे लावले तेव्हा चालत होते’ असे सांगितलेले मशीन बंद मशीनच्या भावाने घ्यावे. आणि प्लगची अर्थिंगची पिन कापलेली असेल तर ती बसवल्याशिवाय त्याला हात लावू नये. पत्र्याचे कोपरे आणि धातूचे दार असलेल्या या पेटीत तीच पिन माणसाला वाचवते.

वजन साधारण 110 ते 125 किलो. पाय काढता येतात, बॅकबॉक्स दुमडतो किंवा सुटतो, तरी जिन्याचे वळण आधी मोजावे. तळघरात उतरवलेले मशीन काही वर्षांनी पुन्हा वर काढायचे असते. नेताना गोळ्या आधी बाहेर काढाव्यात, नाहीतर त्या आतल्या आत फळी फोडतात. घरी आल्यावर जुने सेल काढून टाकावेत. त्यांच्या जागी बॅटरी न लागणारी स्मृतीची चिप बसवता येते. गोळ्या नव्या घालाव्यात, फळी पुसून तिच्यावर कार्नोबा मेण लावावे, आणि खेळ मनासारखा बसेपर्यंत पातळी पुन्हा पुन्हा तपासावी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी पायांखाली जाड रबरी चकत्या ठेवाव्यात. फ्लिपरचा ठोका खालच्या घरात जितका ऐकू जातो तितका आपल्याला जात नाही.

अमेरिकेतून परतताना मशीन भारतात आणणाऱ्या मराठी कुटुंबांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. तिथली वीज 120 व्होल्टची, इथली 230 ची. नव्वदच्या दशकातल्या अनेक मशीनच्या ट्रान्सफॉर्मरवर जोडण्या बदलून ते 230 व्होल्टवर चालवता येते; पण त्याबरोबर मुख्य फ्यूज कमी अँपिअरचा घालावा लागतो आणि दाब वाढला तर रक्षण करणारा व्हॅरिस्टरही बदलावा लागतो. पेटीच्या आतला दुरुस्तीसाठी दिलेला प्लगपॉइंट या बदलानंतर 230 व्होल्ट देऊ लागतो, तिथे जुना अमेरिकन डाखयंत्राचा प्लग घातला तर ते जळेल. दुसरी गोष्ट हवेची. मुंबई, कोकण, गोवा अशा किनारी दमट हवेत पोलादी गोळ्या आणि स्विचच्या पत्त्या लवकर गंजतात, प्लायवूडची पेटी फुगते. तिथे मशीन भिंतीपासून थोडे दूर, कोरड्या खोलीत ठेवावे आणि पावसाळ्यात ते रोज थोडा वेळ चालू ठेवावे.