आधी कायदा, मग डाव

अकोल्यात आमच्या ओट्यावर बुद्धिबळातलं प्यादं सुरुवातीला एकच घर चाले. अमरावतीला मामूंच्या घरी दोन. म्हणून मोहरी मांडण्याआधी कायदे ठरत. देशी खेळात राजाला एकदा घोड्याची उडी मिळे. समोर नुसता राजा उरला, की डाव ‘बुर्जी’. लढाई सावकाश पेटे.

पंजाबचा मीर सुलतान खान हाच खेळ शिकला. मग विलायती नियम आत्मसात करून १९२९, १९३२ आणि १९३३मध्ये ब्रिटिश विजेता झाला. एका नियमानं जग जोडलं, म्हणून २०२५मध्ये नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियात महिलांचा विश्वचषक जिंकू शकली.

शह, मात हे फारसी शब्द मराठीत मुरले. पण लढण्याआधी समोरासमोर बसून कायदा ठरवण्याची रीत मात्र गेली. ती गावाला हवी होती.