जर्मनीत घड्याळे मागे-पुढे का केली जातात?

मार्च महिन्याच्या अखेरच्या रविवारी पहाटे दोन वाजता जर्मनीतील घड्याळे थेट तीनवर नेली जातात. ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी पहाटे तीन वाजले, की ती पुन्हा दोनवर आणली जातात. त्यामुळे वर्षातील एक दिवस २३ तासांचा, तर एक दिवस २५ तासांचा ठरतो.

उन्हाळ्यात तेथे सूर्य फार लवकर उगवतो. लोक झोपेत असताना वाया जाणारा हा उजेड सायंकाळी वापरता यावा आणि दिव्यांवरील खर्च वाचावा, हा या व्यवस्थेचा मूळ हेतू. पहिल्या महायुद्धातील इंधनटंचाईमुळे जर्मनी व ऑस्ट्रिया-हंगेरी यांनी ३० एप्रिल १९१६ रोजी ती प्रथम देशभर लागू केली. पुढे ती अनेकदा बंद पडली. सत्तरच्या दशकातील तेलसंकटानंतर, १९८० मध्ये, पूर्व व पश्चिम अशा दोन्ही जर्मनींनी ती पुन्हा स्वीकारली.

आता हा बदल युरोपीय संघाच्या सर्व सदस्य देशांत एकाच क्षणी होतो. जर्मनीची अधिकृत वेळ ब्राऊनश्वाइग येथील राष्ट्रीय मापनसंस्थेची अणुघड्याळे ठरवतात. फ्रँकफर्टजवळील माइनफ्लिंगन येथून ७७.५ किलोहर्ट्झवर तिचे रेडिओ संदेश प्रक्षेपित होतात आणि त्यावर चालणारी घड्याळे आपोआप जुळतात.

खरी गुंतागुंत ऑक्टोबरमध्ये होते. दोन ते तीन हा तास त्या रात्री दोनदा येतो. म्हणून पहिल्या तासाला ‘२ ए’ व दुसऱ्याला ‘२ बी’ म्हणावे, अशी कायद्यातच तरतूद आहे. ती नसती, तर दोन वाजून ५० मिनिटांनी जन्मलेले जुळ्यांपैकी पहिले मूल, वीस मिनिटांनी म्हणजे घड्याळात दोन वाजून १० मिनिटांनी जन्मलेल्या भावंडापेक्षा कागदोपत्री धाकटे ठरले असते! रात्रीच्या गाड्या त्या वेळी एखाद्या सोयीच्या स्थानकात तासभर थांबवल्या जातात. मार्चमध्ये मात्र त्या तासभर उशिराने धावतात.

वीजबचतीचा मूळ दावा आता फारसा टिकलेला नाही. सायंकाळी दिवे उशिरा लागतात. पण थंडीच्या दिवसांत सकाळी घरे तापवण्यासाठी अधिक ऊर्जा लागते. युरोपीय आयोगाने २०१८ मध्ये मागवलेल्या सुमारे ४६ लाख प्रतिसादांपैकी ८४ टक्के या प्रथेच्या विरोधात होते. त्यांतील सुमारे ३० लाख प्रतिसाद एकट्या जर्मनीतून आले होते. मार्च २०१९ मध्ये युरोपीय संसदेने २०२१ पासून ही प्रथा बंद करण्याच्या बाजूने कौल दिला. मात्र, सदस्य देशांत एकमत न झाल्याने ती सुरूच राहिली.

पेच आहे तो कायमची वेळ कोणती ठेवायची, हा. उन्हाळी वेळ ठेवल्यास डिसेंबरात बर्लिनचा सूर्योदय सव्वानऊच्या सुमारास होईल आणि मुलांना अंधारातच शाळा गाठावी लागेल. हिवाळी वेळ ठेवल्यास जूनमध्ये पहाटे पावणेचारलाच उजाडेल. शेजारी देशांनी वेगवेगळे पर्याय निवडले, तर सीमेपलीकडे रोज ये-जा करणाऱ्यांची पंचाईत होईल ती वेगळीच.

तोवर जर्मनीत आप्त वा ग्राहक असणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे : जर्मनी भारतापेक्षा हिवाळ्यात साडेचार, तर उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असते.