ज्वांव्हिल घराणे: एक ग्रंथ, एक शिलालेख, दोन पत्रे

१३११ साली फ्रान्सच्या शाम्पेन प्रांतातल्या एका वृद्ध सरदाराने क्लेअरव्हो मठातल्या आपल्या पणजोबांच्या थडग्यासाठी लेख रचला. सरदाराचे नाव जाँ द ज्वांव्हिल, वय पंचाऐंशीच्या पुढे. मूळ दगड आज नाही, पण त्यावरच्या मजकुराच्या नकला आहेत आणि घराण्याची वंशावळ लावताना त्याच पहिला आधार ठरतात. पणजोबा जॉफ्रुआ (तिसरे) यांची समुद्रापलीकडची कामगिरी त्यात आहे. आजोबा जॉफ्रुआ (चौथे) तिसऱ्या क्रुसेडमध्ये आक्रेच्या वेढ्यात वारले. चुलते जॉफ्रुआ (पाचवे) यांना इंग्लंडच्या राजा रिचर्डने आपले राजचिन्ह ढालीवर मिरवण्याचा मान दिला होता. ते सीरियातल्या क्राक किल्ल्यावर वारले. त्यांची ढाल जाँने परत आणली आणि लोकांनी त्यांच्यासाठी प्रार्थना करावी म्हणून ज्वांव्हिलच्या सँ लोराँ चर्चमध्ये ठेवली. वडील सिमोंही इजिप्तमधल्या दमिएत्ताच्या मोहिमेत लढून आले होते.

थोडक्यात, क्रुसेड या घराण्यात वारशाने चालत आले होते. शाम्पेनच्या काउंटचे सेनेशल, म्हणजे मुख्य कारभारी, हे पदही वंशपरंपरागत होते. जाँ लहान असतानाच वडील वारले आणि पदाबरोबर ही रीतही त्याच्याकडे आली.

पुढची हकिगत त्याच्याच ग्रंथात आहे. राजा नवव्या लुईचे हे चरित्र राणी जान द नाव्हार हिच्या सांगण्यावरून हाती घेतले गेले आणि तिच्या मृत्यूनंतर, १३०९ मध्ये पुरे झाले. त्यातल्या घटना लुईच्या १२४८ ते १२५४ च्या क्रुसेडच्या, म्हणजे लेखन अर्ध्या शतकानंतरचे. शिवाय मधल्या काळात, १२९७ मध्ये, लुई संत ठरला होता. तेव्हा हा ग्रंथ बखरीसारखा जपून वाचावा लागतो. पण जिथे लेखक स्वतःच्या पैशाअडक्याविषयी आणि घरच्यांविषयी लिहितो, तिथे त्याला बढाई मारण्यासारखे काही नव्हते.

१२४८ च्या ईस्टरच्या आदल्या दिवशी त्याला दुसरा मुलगा झाला. आठवडाभर मेजवान्या चालल्या. शुक्रवारी त्याने जमलेल्या आश्रितांना सांगितले की मी समुद्रापार निघालो आहे, परत येईन की नाही ठाऊक नाही. माझ्याकडून कोणावर अन्याय झाला असेल तर सांगा, भरपाई करतो. ठरवताना त्यांना संकोच वाटू नये म्हणून तो स्वतः उठून गेला आणि त्यांनी दिलेला निर्णय त्याने मान्य केला. आई हयात असल्याने जमिनीचे त्याच्या वाट्याचे उत्पन्न वर्षाला हजार लिव्रही नव्हते. जमीन गहाण टाकून तो नऊ नाइट घेऊन निघाला. घराजवळच्या मठांची अनवाणी यात्रा करून जाताना त्याने किल्ल्याकडे मागे वळून पाहिले नाही. किल्ल्याच्या आणि दोन मुलांच्या ओढीने मन विरघळेल, अशी भीती त्याला वाटत होती. सायप्रसला जहाजाचे भाडे चुकते केल्यावर हातात २४० लिव्र उरले, तेव्हा राजाने त्याला पदरी घेतले.

दमिएत्ता हाती आले. पण फेब्रुवारी १२५० मधल्या मन्सुराच्या लढाईनंतर मोहीम खचली आणि एप्रिलमध्ये राजासह सारे कैद झाले. खंडणीचा पहिला हप्ता मोजताना तीस हजार लिव्र कमी पडले. टेम्पलर, म्हणजे लढवय्या धर्मसंघाचे लोक, आपल्याकडच्या ठेवीला हात लावू देईनात, तेव्हा जाँने कुऱ्हाड उचलून पेटी फोडण्याची तयारी दाखवली आणि किल्ल्या पुढे आल्या.

सुटकेनंतर आक्रेत प्रश्न उभा राहिला: मायदेशी परतायचे की थांबायचे? बहुतेक सरदारांचे मत परतण्याचे. जाँने थांबण्याचा सल्ला दिला. निघताना एका नातलगाने त्याला बजावले होते की बरोबर नेलेल्या सामान्य माणसांना शत्रूच्या हाती सोडून आलेला नाइट मान खाली घालूनच परततो. ही आठवण पन्नास वर्षांनी रंगवलेली आहे का? इथे त्याच प्रसंगाचा दुसरा कागद कामी येतो. ऑगस्ट १२५० मध्ये लुईने आक्रेहून प्रजेला पाठवलेल्या पत्रात हेच कारण आहे: बारा हजारांवर बंदिवानांपैकी जेमतेम चारशेच सुटले, म्हणून राजा थांबला. संवादातले नेमके शब्द जाँचे असतील, पण कैद्यांचा प्रश्न तेव्हाचाच आहे.

१२६७ मध्ये लुईने पुन्हा क्रुसेडचा क्रूस घेतला आणि जाँवरही गळ घातली. त्याने नकार दिला. मागच्या वेळी आपण समुद्रापलीकडे असताना फ्रान्सच्या आणि नाव्हारच्या राजांच्या अंमलदारांनी आपली रयत नागवली. देवाची मर्जी राखायची तर घरी राहून तिचे रक्षण करणेच योग्य, असे त्याचे म्हणणे होते. १२७० मध्ये लुई ट्युनिसला वारला. ज्यांनी राजाला या प्रवासाचा सल्ला दिला त्यांनी पाप केले, असे जाँने राजाच्याच चरित्रात लिहून ठेवले.

हा नकार वयाचा किंवा थकव्याचा म्हणता येत नाही. जून १३१५ चे त्याचे पत्र उपलब्ध आहे. दहाव्या लुईने फ्लँडर्सच्या मोहिमेसाठी बोलावले, तेव्हा नव्वदीच्या जाँने आपली माणसे घेऊन हजर होण्याची तयारी कळवली. दोन वर्षांनी, डिसेंबर १३१७ मध्ये, तो वारला.

चार पिढ्यांची रीत मोडणारा म्हणून त्याला भित्रा ठरवणे सोपे आहे, पण कागद तसे सांगत नाहीत. ईस्टरच्या आठवड्यातली भरपाई, आक्रेतले थांबणे आणि १२६७ चा नकार या तिन्ही ठिकाणी त्याने एकच हिशेब मांडला: आपल्यावर विसंबलेल्या माणसांचे काय होणार? या घराण्याच्या इतिहासात क्राकहून आणलेल्या ढालीइतकाच तो नकारही मानाचा आहे.