लिंगोची गाथा आणि नवी पेटी

गोंदियाहून डोंगरगडकडे निघालं की वाटेत दरेकसा नावाचे लहानसे स्टेशन लागते. त्याच भागात, सालेकसा तालुक्यातल्या डोंगरात, कचारगडची प्रशस्त गुहा आहे. माघ पौर्णिमेच्या जत्रेला अनेक राज्यांतून गोंड बांधव तिथे येतात. लिंगोने कोंडलेल्या पूर्वजांना जिथून सोडवले ते काचीकोपा लोहागड हेच, अशी त्यांची श्रद्धा आहे.

ही गाथा परधान गायक किंगरीवर पिढ्यान्‌पिढ्या गात आले. ती कागदावर आली कधी? नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी ती गोंडीत उतरवून घेतली. 1863 साली ते नदीत बुडून वारले, आणि त्यांची टिपणे 1866 साली रिचर्ड टेंपल यांनी छापून काढली. गोंडी शब्द रोमन लिपीत, अर्थ इंग्रजीत. हे उपकार थोडेथोडके नव्हेत. पण ज्यांची ही गाथा, त्यांच्यापैकी किती जणांना त्या काळी ते पुस्तक वाचता आलं असेल? हिस्लॉप यांचे नाव नागपुरात कॉलेजला आहे. गाणाऱ्याचे नाव आज किती जणांना ठाऊक आहे?

हा जुना प्रश्न आज नव्या रूपाने उभा आहे. आता ध्वनिमुद्रण खिशातल्या फोनवर होते. अडचण पुढचीच: मुद्रण ठेवायचे कुठे, शोधायचे कसे, आणि किल्ली कोणाच्या हाती?

त्यासाठी जगात काही मुक्तस्रोत सॉफ्टवेअर तयार झाली आहेत. मुक्तस्रोत म्हणजे काय? तर ज्याची घडण उघडी आहे, जे कोणीही फुकट घ्यावे, आपल्या गरजेप्रमाणे बदलावे आणि दुसऱ्याला द्यावे. न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठाने ‘ग्रीनस्टोन’ बांधले आणि युनेस्कोने त्याच्या प्रसाराला हातभार लावला. त्यातला संग्रह सीडीवर भरून इंटरनेट नसलेल्या गावीही नेता येतो. माओरी भाषेतल्या जुन्या वृत्तपत्रांची सुमारे 17,000 पाने त्यांनी याच साधनाने वाचकांपुढे आणली. अमेरिकेत 2002 साली ‘डीस्पेस’ निघाले. आपल्याकडचा प्रबंधांचा ‘शोधगंगा’ हा भांडार त्याच्यावरच उभा आहे.

यांचे काम साधे आहे. प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी: नाव काय, कोणी गायलं, कुठे, केव्हा, कोणत्या भाषेत, हक्क कोणाचा. 1995 साली अमेरिकेतल्या डब्लिन या गावी जमलेल्या मंडळींच्या विचारातून अशा चिठ्ठीची एक ठराविक पद्धत पुढे आली. तिच्यात 15 रकाने आहेत. ‘कोणी गायलं’ हा रकाना भरला, की 1866 ची उणीव पुन्हा राहत नाही.

आता किल्लीचे पाहू. काही गाणी कोणीही ऐकावीत. काही विधींची ती फक्त त्या कुळाची. ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू आदिवासींच्या गरजेतून ‘मुकुर्तू’ हे सॉफ्टवेअर जन्मले. त्यात कोणी काय पाहावे हे समाज आपल्या रिवाजाप्रमाणे ठरवतो. कचारगडच्या परंपरेला हे अगदी लागू पडेल.

लिपीचीही सोय झाली आहे. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातल्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी 1918 साली घडवलेली गोंडी लिपी 2017 मध्ये युनिकोडमध्ये आली. म्हणजे तिच्या प्रत्येक अक्षराला संगणकाच्या जगात आपला क्रमांक मिळाला. त्या अक्षरांत लिहिलेले आता शोधताही येते.

पण मंडळी, पेटी फुकट मिळाली म्हणून राखण फुकट होत नाही. डिस्क बिघडतात, यंत्रे जुनी होतात. दोन-तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्या लागतात, मधूनमधून तपासाव्या लागतात, आणि चिठ्ठ्या लिहायला गोंडी जाणणारं माणूस लागतं. ते माणूस तिथल्याच गावातले असावे. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात शाळा आहेत, कॉलेजे आहेत, वाचनालये आहेत. त्यांतल्या एखाद्याने एका म्हाताऱ्या परधानापासून सुरुवात केली, तरी पुष्कळ झालं. किंगरीवर गाणारे हात थोडे उरले आहेत, आणि त्यांचे वय काही थांबून राहत नाही.