यंदा एकच फड भिजी

आबांच्या गोष्टीत बहात्तरच्या दुष्काळाचं साल आलं की त्यात आधी पाऊस येत नसे, हवालदार येई. दसऱ्यानंतर पंच देवळाच्या ओट्यावर बसलेले. हवालदार बंधाऱ्यावरचं पाणी बघून आला आणि एवढंच बोलला, "यंदा एकच फड भिजी." चारपैकी तीन फड कोरडे राहणार होते, तरी ओट्यावर कोणी वाद घातला नाही. का घातला नाही, हे कळायला मला चाळिशी उजाडावी लागली.

आमचं गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. पांझरेवर, आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मोसम, आरम, गिरणेवर, तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धत नांदली. नदीत दगडी बंधारा, त्याच्या एका अंगाने पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे बहुधा तीन-चार फड. एका फडात सगळ्यांचं पीक एकच: कुठे ऊस, कुठे गहू, कुठे हरभरा. कोणत्या फडात काय, ते पंच ठरवत. पुढच्या वर्षी फेर पडे. पाणी फिरवायला पाटकरी, राखणीला जागल्या, सगळ्यांवर देखरेखीला हवालदार. त्यांचा मोबदला धान्यात.

आमची जमीन चार फडांत चार पट्ट्यांनी विखुरलेली. लहानपणी भाकरीचं फडकं घेऊन या पट्टीवरून त्या पट्टीवर हिंडताना मी चिडायचो: एका जागी का नाही घेतली जमीन? उत्तर बहात्तरात होतं. एकच फड भिजला तरी त्यात प्रत्येक घराची पट्टी होती. पाणी आटलं की शेत आटायचं, पण ते सगळ्यांचं सारखंच. खालच्या टोकाचा एकटा मेला, असं होत नसे. म्हणून ओटा गप्प बसला होता.

अगदी साधू माणसांचं गाव होतं, असंही नाही. मोठी माय, म्हणजे आजी, झोपली की आबा पुढचं सांगत. कोरड्या ठरलेल्या फडात आमचा जुना ऊस उभा होता. तो करपताना बघवेना, म्हणून एका रात्री आबांनी पाट फोडला. जागल्याने तिथेच धरलं. पंचांनी पुढची पाळी कापली आणि ऊस गुरांपुढे गेला. पुढे घरात गूळ संपला की मोठी माय तेवढं एकच वाक्य बोलायची, "फोडा आखो पाट." आबा हे हसत सांगत, पण पंचांना त्यांनी कधी चुकीचं म्हटलं नाही.

या नदीशी झटलेल्यांत एक मोठं नावही आहे. इंजिनियर विश्वेश्वरय्या 1884 साली मुंबई सरकारच्या नोकरीत लागले, त्यांची सुरुवातीची नेमणूक खानदेशातली. दातर्तीला त्यांनी पाणी ओलांडून नेणारा सायफन बांधला. आमच्याकडे दातर्तीचं नाव आजही जरा ताठ मानेनं घेतात.

पुढे धरणं आली. पांझरेवर पिंपळनेरजवळ लाटीपाडा, कान नदीवर मालनगाव, जामखेलीवर जामखेली आणि या सगळ्यांच्या खाली अक्कलपाडा. साठा वाढला, विहिरी आल्या, मोटारी आल्या. फड मात्र विस्कटले. हे वाईटच झालं असं मी म्हणणार नाही. फडात स्वतःच्या मर्जीचं पीक घेता येत नसे. पण कोरड्या वर्षी पाणी कमी कोणाला, हे आता नदीतलं अंतर ठरवतं.

जळगावकरांना हे गिरणेमुळे पाठ आहे. वर चणकापूर, मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर. ती भरून वाहतील तेव्हा कुठे गिरणा धरणात भर पडते. 1969 साली पुरं झालेलं, साडेएकवीस टीएमसीचं हे धरण काठोकाठ भरलं की चाळीसगाव, पाचोरा, भडगावची बातमी होते, यातच काय ते आलं. कमी साठ्याच्या वर्षी पिण्यासाठी नदीतून आवर्तन सोडतात. निम्मा जीव वाळूत जिरतो. उरलेला मोटारींनी ओढू नये म्हणून काठाची वीज तोडावी लागते. आमच्या जागल्याचं काम आता वायरमन करतो.

15 ऑक्टोबरच्या साठ्यावरून वर्षाचं पाणी ठरतं. पाणी आरक्षणाच्या आणि कालवा सल्लागार समितीच्या बैठका त्याच सुमारास होतात. पंचही दसऱ्यानंतरच बसत. त्या बैठकांना जाणाऱ्यांनी एक करावं. धरणात किती पाणी, हा आकडा वाचून झाला की विचारावं, या आकड्याला किती क्षेत्र भिजणार आणि त्यात शेपटाकडच्या गावाची पट्टी कुठे आहे. उत्तर मिळेपर्यंत उठू नये.