मंजिष्ठेचा लाल रंग

धुऊन, फणीने विंचरलेली लोकर नुसती मंजिष्ठेच्या मुळांच्या पाण्यात बुडवली तर रंग फिका चढतो. म्हणून आधी ती तुरटीच्या पाण्यात उकळतात. तुरटीतील अ‍ॅल्युमिनियमचे आयन एकीकडे लोकरीच्या प्रथिनाला व दुसरीकडे रंगद्रव्याला धरून ठेवतात. लाल रंग पक्का बसतो. तुरटीऐवजी हिराकस टाका, तोच रंग जांभळट-तपकिरी होतो. (वर्गात जरूर करून पाहावे.)

आपल्या मंजिष्ठेची युरोपीय बहीण १८व्या शतकात ज्याँ आल्तेन याने फ्रान्समधील अव्हिन्यों परिसरात रुजवली. १८२९ मध्ये फ्रेंच पायदळाला लाल विजारी ठरल्या आणि तेथील शेतकऱ्यांना हक्काचे गिऱ्हाईक लाभले. पण १८६८ मध्ये ग्रेबे व लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनी मंजिष्ठेतील अ‍ॅलिझरिन हे रंगद्रव्य डांबरातील अँथ्रासीनपासून बनवले. रेणू तोच, भाव मात्र पुष्कळ कमी! पंधरा-वीस वर्षांत मंजिष्ठेची शेती जवळजवळ बुडाली.

विजारी तेवढ्या लालच राहिल्या. १९१४ साली फ्रेंच पायदळ जर्मनीशी लढायला निघाले, ते जर्मन रंगाच्या विजारी घालून.