आधी आंबा, मग गाणं

दिल्लीच्या 'लोटपोट'वरचा मागचा भाग ऐकून बऱ्याच जणांनी विचारलं, मोटू-पतलू कधी बदलतात का? उत्तर सोपं आहे: नाही बदलत. लोटपोट सुरू झालं १९६९ साली. त्यातली ही जोडी २०१२ मध्ये टीव्हीवर आली, आणि मोटूचा जीव अजूनही समोशातच अडकलेला आहे. मुलांना तेच आवडतं, कारण उद्याही मोटू असाच भेटणार याची खात्री असते.

मग कार्टूनमधलं पात्र वाढतं तेव्हा ते कसं दिसतं? त्यासाठी आज आपण जेमतेम सात मिनिटांची एक फिल्म बघू. तुमच्यापैकी अनेकांनी ती दूरदर्शनवर शंभर वेळा पाहिली असेल. नाव 'एक अनेक और एकता', साल १९७४, निर्मिती फिल्म्स डिव्हिजनची.

ही फिल्म केली विजया मुळे यांनी. जन्म मुंबईचा, १९२१ सालचा. लग्नानंतर पाटण्याला गेल्या, शिक्षणशास्त्र शिकायला इंग्लंडमध्ये लीड्सला गेल्या, आणि परतल्यावर भारत सरकारच्या शिक्षण खात्यातल्या नोकरीसाठी दिल्लीत आल्या. १९५९ मध्ये फिल्म सोसायट्यांचा देशव्यापी महासंघ उभा राहिला. त्याचे अध्यक्ष सत्यजित राय आणि एक संयुक्त सचिव विजयाबाई. म्हणजे सिनेमा आणि शाळा ही दोन्ही जगं त्यांना आतून माहीत होती. फिल्मची चित्रं हलवली भीमसैन यांनी, ज्यांनी पुढे 'घरौंदा' दिग्दर्शित केला. संगीत वसंत देसाईंचं. शेवटचं गाणं लिहिलं पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांनी. पलुस्करांची परंपरा दिल्लीत रुजवणाऱ्या गांधर्व महाविद्यालयाचे ते संस्थापक. लहानग्या साधना घाणेकरांचा, म्हणजे आजच्या साधना सरगम यांचा, आवाजही याच फिल्मशी जोडलेला आहे. दिल्ली आणि महाराष्ट्र यांचं असं जमलेलं काम दुसरं चटकन आठवत नाही.

आता त्यातल्या छोट्या मुलाकडे बघा. सात मिनिटांत त्याची उंची वाढत नाही, कपडे बदलत नाहीत, चेहराही साध्या चार रेघांचा तसाच राहतो. बदलतात ते त्याचे प्रश्न.

पहिला प्रश्न शब्दाचा आहे: अनेक म्हणजे काय? ताई व्याख्या सांगते, पण तेवढ्याने त्याचं समाधान होत नाही. मग ती बोट दाखवते. सूर्य एक, चंद्र एक, तारे मात्र अनेक. खार, फुलपाखरू, असं करत करत मुलाला मोजायची गोडी लागते. इथपर्यंत तो फक्त शिकणारा आहे.

मग येते पाखरांची गोष्ट. पारधी जाळं लावतो, पाखरं अडकतात, सगळी मिळून जाळ्यासकट उडतात आणि मित्र असलेले उंदीर जाळं कुरतडून त्यांना मोकळं करतात. गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगितली जाते. पण ती ऐकल्यावर मुलगा काय विचारतो ते महत्त्वाचं. पुढे पाखरांचं काय झालं, असं तो विचारत नाही. आपण एक झालो तर आपणही मोठं काम करू शकू का, असं विचारतो. आणि लगेच पुढचा प्रश्न: मग या झाडाचे आंबे काढता येतील?

इथे पात्र वाढलं. दुसऱ्याची गोष्ट त्याने स्वतःला लावून पाहिली. ताईही शहाणी आहे. ती आंबे काढून देत नाही. येतील, पण युक्ती करावी लागेल, एवढंच म्हणते. मुलं युक्ती करतात आणि एकमेकांच्या आधाराने आंब्यापर्यंत पोचतात.

आणि त्यानंतरच ते प्रसिद्ध गाणं सुरू होतं. हा क्रम लक्षात घ्या, मंडळी. आधी आंबा, मग गाणं. एकतेचं गाणं पहिल्या मिनिटाला लावलं असतं तर ती शाळेच्या फळ्यावरची सूचना झाली असती. इथे मुलांनी ती आधी हातांनी करून पाहिली आहे.

हे शिक्षणाचंच तंत्र होतं. पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट १९७५ ला, उपग्रहावरून सुमारे २,४०० गावांत टीव्ही पोचवणारा 'साइट' हा प्रयोग सुरू झाला. त्यात मुलांसाठीच्या शैक्षणिक कार्यक्रमांच्या कामात विजयाबाई पुढे होत्या. ज्या मुलांनी कधी पडदा पाहिला नाही त्यांच्याशी बोलायचं, तर उपदेशाचा उपयोग नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता आपल्याबद्दल, म्हणजे चाहत्यांबद्दल. मी नोएडात राहतो. आमच्याकडे गणेशोत्सवात मराठी, बिहारी, बंगाली, मल्याळी सगळे असतात. हे गाणं लागलं की चाळिशी-पन्नाशीचे लोक मुलांच्या आधी गायला लागतात. शब्द एकालाही चुकत नाही. फिल्मचं हे प्रेम मला फार मोलाचं वाटतं. कोणी जाहिरात केली नाही, कोणी दुसरा भाग काढला नाही, तरी लोकांनी पन्नास वर्षं ती जिवंत ठेवली.

पण आपण जपलं ते बहुतेक गाणंच. तो प्रश्न विचारणारा मुलगा मागे राहिला, आणि विजयाबाईंचं नाव तर बहुतेकांच्या कानावरच नाही. १९ मे २०१९ ला दिल्लीत, ९८ व्या वर्षी त्या गेल्या, तेव्हा कित्येकांना पहिल्यांदा कळलं की आपल्या बालपणाचा तो तुकडा या बाईंनी घडवला होता. एकतेचं गाणं गाणं सोपं असतं. शेजाऱ्याच्या खांद्यावर पाय ठेवायचा, आणि आपल्याही खांद्यावर त्याला ठेवू द्यायचा, हे कठीण. फिल्ममधली मुलं ते कठीण काम आधी करतात.

तेव्हा घरी मुलांना ही फिल्म दाखवाल तर गाण्यापाशी उडी मारू नका, पहिल्यापासून दाखवा. मध्येच त्यांनी "म्हणजे काय?" विचारलं तर फिल्म थांबवा आणि उत्तर द्या. विजयाबाईंना तेच आवडलं असतं, असं मला वाटतं. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.